लाइन ६४ची, डाउनलोड साडेसातचं: डायल-अप आणि लीज लाइनच्या वेगाची तक्रार कशी तपासावी

पेठांमधली सीएंची ऑफिसं, पतपेढ्यांच्या शाखा आणि भोसरी-चाकणचे कारखाने यांच्या लाइनी सांभाळणं हा माझा धंदा. तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "जेवढ्याची लाइन घेतली तेवढी मिळत नाही." बऱ्याचदा लाइन ठणठणीत असते आणि हिशेब चुकलेला असतो. काही वेळा लाइन खरंच बिघडलेली असते, पण ते पुरवठादाराला पटवून द्यायलाही तोच हिशेब लागतो. जुन्या मोडेमवर चालणारी टेलिमेट्री (दूरच्या यंत्रांचे आकडे लाइनवरून मागवणं), ६४ची लाइन अजून न सोडलेली शाखा आणि आजची १० एमबीपीएसची फायबर, तिन्हींना हे गणित सारखंच लागू पडतं. डायल-अप म्हणजे मोडेमने फोन लावून केलेली जोडणी, लीज लाइन म्हणजे दोन ठिकाणांमधली भाड्याची, कायम जोडलेली लाइन.

एक गोष्ट आधी ठरवून घेऊ. या लेखात केबीपीएस म्हणजे दर सेकंदाला हजार बिट आणि एमबीपीएस म्हणजे दहा लाख बिट. बाइट म्हणायचं असेल तिथे मी किलोबाइट, मेगाबाइट असं पूर्ण लिहीन. बोलताना दोन्हींना आपण 'केबी', 'एमबी' म्हणून मोकळे होतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

लक्षणं

खालीलपैकी तुमचं कोणतं आहे ते आधी बघा.

- लाइन ६४ केबीपीएसची, पण फाइल उतरवताना आकडा साडेसातच्या वर जात नाही. किंवा लाइन १० एमबीपीएसची आणि आकडा सव्वा मेगाबाइटच्याही खाली अडकतो.
- मोडेमवर ५६ लिहिलंय, जोडणी मात्र ३१,२०० किंवा २८,८००ला होते.
- स्क्रीनवर '१,१५,२००ने जोडले' असं येतं आणि फाइल मुंगीच्या पावलाने उतरते.
- कागदावर लाइन २०४८ किंवा ६४ची, राउटर दाखवतो १५४४.
- राउटरवर लाइन रिकामी दिसते, तरी शाखेतले लोक 'सगळं अडकलंय' म्हणतात.
- रात्री लावलेला बॅकअप सकाळी ऑफिस उघडलं तरी चालूच.
- एरवी बरं चालतं, पाऊस लागला की लाइन मंदावते किंवा तुटते.

शेवटचं लक्षण सोडलं तर बाकीची पहिल्या चार-पाच तपासण्यांत सुटतात, तीही पैसा न घालता.

आधी कॅल्क्युलेटर

लाइन विकली जाते बिटमध्ये, फाइल मोजली जाते बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून लाइनच्या आकड्याला आठने भागा. हे मोबाइलवर अर्ध्या मिनिटात होतं आणि अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

९.६ केबीपीएस: सेकंदाला १.२ किलोबाइट
१४.४: १.८
२८.८: ३.६
३३.६: ४.२
५६: ७
६४: ८
१२८: १६
२५६: ३२
५१२: ६४
२०४८: २५६
१० एमबीपीएस: १२५०

हे कमाल आकडे आहेत, प्रत्यक्षात एवढे कधीच मिळत नाहीत. कारणं दोन. पहिलं, टेलिफोनवाल्यांचा किलो म्हणजे १०००, विंडोजचा किलोबाइट म्हणजे १०२४. किलोबाइटला फरक अडीच टक्क्यांच्या आत राहतो, मेगाबाइटला पाचच्या जवळ जातो, गिगाबाइटला सातच्या पुढे. दुसरं, पंधराशे बाइटांच्या पाकिटात तुमच्या फाइलचे १४६० बाइटच असतात, उरलेले चाळीस पत्ते आणि क्रमांक लिहिण्यात जातात. त्यावर लाइनचं स्वतःचं वेष्टण चढतं. लीज लाइनवर ही घट तीन-साडेतीन टक्के, इथरनेटवर पाच टक्क्यांच्या आसपास.

आता ६४ घ्या. आठने भागून ८००० बाइट, १०२४ने भागून ७.८ किलोबाइट, वेष्टणाची घट वजा करून साधारण साडेसात. ६४ केबीपीएसच्या लाइनवर साडेसात दिसत असेल तर लाइन निरोगी आहे, फोन उचलू नका. १० एमबीपीएसच्या फायबरवर १.१३ मेगाबाइटच्या आसपास दिसलं तर तीही निरोगी. सहाच्या खाली किंवा ०.८च्या खाली आकडा टिकून राहिला तर पुढे वाचा.

२०४८ची गोष्ट थोडी वेगळी. ही भारतात आणि युरोपात चालणारी ई-वन लाइन. आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, असा एक कप्पा ६४ केबीपीएसचा. असे ३२ कप्पे म्हणजे २०४८. पहिला कप्पा, ज्याचा क्रमांक शून्य असतो, दोन्ही टोकांची चाल जुळवण्यात खर्च होतो. म्हणून डेटासाठी ३१ कप्पे, म्हणजे १९८४ केबीपीएस उरतात. त्यावर विंडोज २३०-२४० किलोबाइट दाखवेल. 'दोन एमबीची लाइन आणि अडीचशेसुद्धा नाही' ही तक्रार म्हणजे प्रत्यक्षात लाइन नीट चालल्याचा दाखला.

हिंजवडीतल्या ज्या कंपन्यांचं दुसरं टोक अमेरिकेत असतं, तिथे आणखी एक गाठ पडते. तिकडची टी-वन लाइन २४ कप्प्यांची, चालीसाठीचे ८ केबीपीएस धरून १५४४, डेटासाठी १५३६. एका टोकाला ई-वन आणि दुसऱ्याला टी-वन असेल तर पुण्याच्या बाजूला कितीही ओरडलं तरी १५३६च्या वर काही जाणार नाही. दोन्ही टोकांचे लोक आपापला आकडा बरोबरच सांगत असतात.

बॅकअपचा वेळ

हा प्रकार इतक्यांदा बघितलाय की त्यावर वेगळं लिहायला हवं. मंचरची शाखा, मुख्य ऑफिस पुण्यात, मध्ये ६४ची लीज लाइन. डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद झाल्यावर रात्री अकराला ३०० मेगाबाइटची बॅकअप फाइल मुख्य ऑफिसकडे सुटते. सकाळी व्यवस्थापकांचा फोन येतो.

"सर, काउंटरवर माणसं उभी आहेत, पासबुक छापायला पाच-पाच मिनिटं लागताहेत. लाइन रोज सकाळीच मंद होते."

"बॅकअप कधी संपतो?"

"तो काय, रात्री साडेबारालाच संपत असेल. ८० मिनिटांचं काम आहे."

३०० गुणिले १०२४ भागिले ६४, उत्तर ४८०० सेकंद, म्हणजे ८० मिनिटं. यात ६४ला किलोबाइट धरलंय. खरा हिशेब असा: ३०० मेगाबाइट म्हणजे २५१ कोटी ६५ लाख ८२ हजार ४०० बिट. भागिले ६४,०००, उत्तर ३९,३२१ सेकंद, जवळजवळ अकरा तास. वेष्टण धरून सव्वाअकरा. म्हणजे रात्री अकराला सुटलेली फाइल सकाळी सव्वादहाला पोचते आणि शाखा दहाला उघडते. पहिला पाव तास ग्राहक आणि बॅकअप एकाच लाइनवर भांडत असतात. पुरवठादाराचा माणूस अकरा-साडेअकराला येतो तेव्हा लाइन साफ असते, तो 'ओके' लिहून सही घेऊन जातो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

लाइन बदलण्याआधी फाइल दाबून बघा. पतपेढीच्या खात्यांच्या नोंदींसारखा मजकूर चांगला दाबला जातो, निम्म्याहून खाली येणं नवलाचं नाही. त्याहून बरं म्हणजे रोज पूर्ण बॅकअपऐवजी फक्त त्या दिवसाचे बदल पाठवा आणि पूर्ण बॅकअप शनिवारी रात्री लावा, रविवारचा दिवस हाताशी असतो.

तुम्ही बघताय तो आकडा नक्की कशाचा?

हिशेब करूनही आकडा जुळला नाही तर दुसरी तपासणी हीच, आणि तीही फुकट. स्क्रीनवरचा प्रत्येक आकडा लाइनचा वेग नसतो.

डायल-अपमध्ये दोन तुकडे असतात: संगणक ते मोडेम, आणि मोडेम ते पलीकडचा मोडेम. '१,१५,२००ने जोडले' हा पहिल्या तुकड्याचा, म्हणजे दोन-तीन फुटांच्या केबलचा वेग आहे. टेलिफोनच्या तारेशी त्याचा संबंध नाही. जुन्या मोडेमपैकी पुष्कळांना सुरुवातीच्या आज्ञेत डब्ल्यू२ घातलं की ते तारेवरचा खरा वेग सांगू लागतात. मग ४५,३३३ किंवा ४९,३३३ असे आडनिडे आकडे दिसले तर घाबरू नका, ५६केच्या मोडेमची पायरीच सुमारे १३३३ बिटांची असते.

ही दुहेरी रचना भागाकारही बदलते. संगणक आणि मोडेम यांच्यातल्या केबलवर प्रत्येक बाइटच्या मागेपुढे एकेक बिट जास्त जातो, म्हणून तिथे दहाने भागायचं: १,१५,२००चे ११,५२० बाइट, ९६००चे ९६०. कारखान्यातल्या पीएलसीच्या (यंत्रं चालवणाऱ्या नियंत्रकाच्या) जोडणीत पॅरिटी, म्हणजे चूक पकडण्यासाठीचा आणखी एक बिट, लावलेली असेल तर अकराने भागा, ९६००चे ८७२ होतात. टेलिमेट्रीवाल्यांचं 'आम्हाला १२०० बाइट मिळायला हवेत, ८७०च मिळतात' हे गाऱ्हाणं इथून येतं. मोडेममध्ये चूक-दुरुस्ती चालू असेल तर टेलिफोनच्या तारेवरून हे जास्तीचे बिट जात नाहीत आणि तिथे पुन्हा आठनेच भागायचं.

बॉड आणि बिट प्रति सेकंद हेही एक नव्हे. २४०० बिटचा जुना मोडेम सेकंदाला ६०० वेळाच खूण बदलतो आणि प्रत्येक खुणेत चार बिट भरतो. पॅनेलवर '६०० बॉड' लिहिलंय म्हणून लाइन चौपट मंद आहे असं समजू नका.

लीज लाइनवर राउटरचा आकडा फसवतो. व्ही.३५ केबलने मोडेमला जोडलेल्या राउटरला लाइनचा वेग ठाऊकच नसतो. घड्याळ मोडेम देतो, राउटर त्या तालावर बिट सोडतो, बस. बँडविड्थच्या रकान्यात सिस्को राउटर सिरियल पोर्टला १५४४ दाखवतो, कारण ती कारखान्यातून आलेली, अमेरिकेच्या टी-वनची ठरीव नोंद आहे. आपल्याकडे कोणी ती बदलत नाही. याने वेग कमी-जास्त होत नाही, पण लाइन किती भरली ते सांगणारा 'लोड' खोटा दिसतो. लोड २५५पैकी किती असा लिहिलेला असतो आणि तो या १५४४च्या प्रमाणात काढलेला असतो. ६४ची लाइन काठोकाठ भरली तरी तिथे २५५पैकी १० दिसेल! लाइन रिकामी आणि लोक अडकलेले, हे कोडं असं पडतं. राउटरमध्ये बँडविड्थ ६४ करून घ्या, लोड खरं बोलू लागेल. तिथलाच सरासरी दर पाच मिनिटांचा असतो, तो तीस सेकंदांचा करून घेतला तर झटके दिसतात.

मोजायची रीत

कोणत्या फाइलने मोजताय तेही बघा. डायल-अप मोडेम जाता-जाता मजकूर दाबतात, त्यामुळे साधी टेक्स्ट फाइल ३३.६च्या जोडणीवर आठ-दहा किलोबाइटनेही उतरू शकते आणि झिप फाइल चारने. मोजायला नेहमी आधीच दाबलेली फाइल घ्या, एकच फाइल, निदान दोन-तीन मिनिटं चालेल एवढी. बाकीचे संगणक स्विचमधून काढा. सगळे बंद केलेत असं लोक सांगतात आणि कोपऱ्यातला एक सर्व्हर अपडेट ओढत बसलेला असतो. त्यामुळे केबल हाताने काढूनच मोजा.

लीज लाइनसाठी मला सगळ्यात आवडणारी तपासणी पिंगची, म्हणजे छोटं पाकीट पाठवून त्याचं उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते मोजण्याची. तिला फाइल लागत नाही, दुसऱ्या टोकाला माणूसही लागत नाही. लाइन रिकामी असताना पलीकडच्या राउटरच्या लाइनकडच्या पत्त्याला आधी ३२ बाइटांचा साधा पिंग करा, मग १४७२ बाइटांचा. प्रत्येकी दहा-वीस वेळा करा आणि दोन्हींतला सगळ्यात कमी वेळ घ्या. राउटर पिंगला उत्तर देण्याची घाई करत नाही, म्हणून सरासरी घेऊ नका. दोन्ही वेळांतला फरक मिलिसेकंदात काढा आणि २३,०४०ला त्या फरकाने भागा. उत्तर केबीपीएसमध्ये येतं.

हा आकडा कुठून आला? मोठ्या पिंगमध्ये १४४० बाइट जास्त, ते जाताना एकदा आणि येताना एकदा, गुणिले आठ: २३,०४० बिट. एवढे जास्तीचे बिट तारेवर घालायला लागलेला वेळ म्हणजे तो फरक. ६४च्या लाइनवर फरक ३६० मिलिसेकंद, १२८वर १८०, २५६वर ९०. २०४८वर सव्वाअकरा येतो, तिथे मिलिसेकंदाची चूकही मोठी पडते, म्हणून ५१२च्या वर ही रीत अंदाजापुरतीच वापरा. डायल-अपवर तर वापरूच नका. विंडोजचा पिंग तीच अक्षरमाला पुन्हापुन्हा पाठवतो, मोडेम ती दाबून टाकतो आणि उत्तर फुगतं. लीज लाइनच्या राउटरवर दाबण्याची सोय चालू असेल तर तिथेही तसंच होईल.

२५६ची लाइन, आणि पिंगचा फरक ९०ऐवजी १८० आला, तर लाइन १२८वर चालली आहे. ही गोष्ट कोणत्याही डाउनलोडच्या आकड्यापेक्षा पक्की आहे आणि तक्रारीत लिहिण्याजोगी आहे.

डायल-अप: पैसे न घालता करायच्या गोष्टी

५६के मोडेम ५६ने कधीच जोडत नाही, ते मनातून काढून टाका. ती कमाल १९९८च्या व्ही.९० मानकातली, तीही फक्त खाली उतरवताना. वर चढवताना ३३.६, पुढच्या व्ही.९२मध्ये ४८पर्यंत. ४४ ते ५० मिळालं तर उत्तम समजा. आणि व्ही.९०ला एक टोक डिजिटल लागतं, म्हणजे सेवा देणाऱ्याकडे थेट डिजिटल लाइन हवी. दोन साधे मोडेम साध्या टेलिफोन लाइनींवर एकमेकांना लावले तर मर्यादा ३३.६. चाकणच्या कारखान्यातून भोसरीच्या पंपावरच्या मोडेमला फोन लावून कोणी ५६ची वाट बघत असेल तर ती कधीच येणार नाही, मोडेम कितीही महागाचा आणा.

जोडणी ३३.६च्याही खाली, २६-३१वर होत असेल तर पहिला संशय ईपीएबीएक्सवर घ्या. ऑफिसच्या एक्सचेंजमधून गेलेला आवाज एकदा जास्तीचा डिजिटल होऊन परत साधा होतो आणि ५६केची किमया तिथे मरते. बाहेरून आलेली थेट लाइन एक्सचेंजच्या आधीच मोडेमला लावून बघा. एक वायर आणि दहा मिनिटं, एवढंच लागतं. फरक पडला तर मोडेमला वेगळी लाइन द्या.

मग त्याच लाइनवरचे समांतर फोन, फॅक्स, जुना आन्सरिंग मशीन सगळं काढा. मोडेमची वायर छताच्या पंख्याच्या रेग्युलेटरजवळून किंवा ट्यूबलाइटच्या पट्टीवरून नेलेली असेल तर बाजूला घ्या. हँडसेट लावून कोणताही एक आकडा दाबा आणि कान देऊन ऐका. चरचर ऐकू आली तर मोडेमलाही तीच ऐकू येते.

यानंतर सिरियल पोर्टचा वेग. तो १९,२००वर राहिला असेल तर ३३.६चा मोडेमही सेकंदाला १९२० बाइटच देऊ शकतो, कारण दहाने भागायचंय. तो १,१५,२०० करा आणि हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू ठेवा. मोडेम मजकूर दाबतो, म्हणून पोर्टचा वेग तारेच्या वेगाच्या तिप्पट-चौपट असावा. फार जुन्या यंत्रात पोर्टची चिप १६५५०च्या आधीची असेल तर ती एका बाइटचाच साठा ठेवते आणि एवढ्या वेगात बाइट हरवतात. तिथे ३८,४००वर थांबा.

लीज लाइन: राउटरपर्यंतचं

मोडेम आणि राउटर दोन्ही बंद करून, दोन मिनिटं थांबून, आधी मोडेम आणि तो स्थिर झाल्यावर राउटर चालू करा. आधी मोडेम यासाठी की घड्याळ त्याच्याकडून येतं. मग व्ही.३५च्या केबलचे स्क्रू बघा. ती केबल जड असते, स्क्रू न आवळता नुसती खोचलेली असली की आपल्याच वजनाने तिरपी होते.

त्यानंतर राउटरचे मोजणीचे आकडे शून्य करा, तासभर नेहमीचं काम चालू द्या आणि सीआरसी चुका, म्हणजे वाटेत बिघडलेल्या पाकिटांची मोजणी, बघा. निरोगी लाइनवर तासाला शून्य किंवा एखादी. आकडा सतत चढत असेल तर पाकिटं फाटून पुन्हा पाठवली जाताहेत आणि तुमचा हरवलेला वेग तिथे जातोय. कॅरियर (पलीकडून येणारा सिग्नल) किती वेळा गेला तोही आकडा तिथेच असतो, तो टिपून ठेवा.

लाइन ई-वनच्या काही कप्प्यांची असेल तर कप्प्यांची संख्या ताडून बघा: १२८ला दोन, २५६ला चार, ५१२ला आठ. बीएसएनएलच्या एमएलएलएन सेवेसारख्या व्यवस्थेत लाइन ६४च्या पटीत मिळते आणि पुरवठादाराने सोडलेले कप्पे आणि तुमच्या राउटरमधले कप्पे एकच असावे लागतात. लाइन वाढवून घेतल्यावर हे हमखास चुकतं: बिल ५१२चं सुरू होतं, राउटरमध्ये चारच कप्पे राहतात आणि वेग २५६वरच थांबतो. पिंगच्या हिशेबात हे पाच मिनिटांत पकडता येतं.

इथे थांबा

यापुढे हात लावू नका, माणूस बोलवा.

घड्याळाचं सेटिंग बदलू नका. एक टोक घड्याळ देतं, दुसरं घेतं. दोन्ही टोकं देऊ लागली की बिट घसरतात, सीआरसी चुका ठरावीक अंतराने येतात आणि मूळ बिघाड कोणता ते शोधणं दुप्पट अवघड होऊन बसतं. अशा ठरावीक अंतराच्या चुका दिसल्या तर तसंच पुरवठादाराला सांगा, त्याला लगेच कळेल.

पुरवठादाराचा मोडेम उघडू नका. जिन्यातली डीपी (तारा जोडायचा डबा) किंवा रस्त्यावरचा पिलरही नाही. टेलिफोनच्या जोडीवर ४८ व्होल्ट डीसी असतात आणि घंटा वाजताना त्यावर ७५ व्होल्टच्या आसपास एसी चढतो. ओल्या हाताला तो चांगलाच लागतो. वेगळाच मुद्दा म्हणजे त्या डब्यात शेजारच्या दहा जणांच्या जोड्याही असतात.

मोडेमच्या कडेला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, किंवा प्रत्येक वीज कडाडल्यावर पोर्ट जळत असेल, तर अर्थिंगचा प्रश्न आहे. तिथे नेटवर्कवाला चालणार नाही, परवानाधारक वायरमन बोलवा. तो येईपर्यंत मोडेमचा वीजपुरवठा आणि टेलिफोनची वायर दोन्ही काढून ठेवा.

पावसाळ्यातलं लक्षण असेल तर वरच्या तपासण्यांवर एका दुपारपेक्षा जास्त वेळ घालवू नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुण्यात तांब्याच्या लाइनींचं एकच दुखणं असतं, जोडात पाणी शिरणं. त्यात रस्ता खणलेला असला की बघायलाच नको. तुमच्या बाजूने ते दुरुस्त होत नाही. फक्त तक्रार अशी नोंदवा की ती परत येणार नाही. 'लाइन स्लो आहे' एवढंच लिहिलं तर माणूस येतो, मोडेमचे दिवे बघतो आणि जातो. त्याऐवजी सर्किट नंबर, दोन्ही टोकांचे पत्ते, चुका कोणत्या वेळी वाढतात, तासाभरातल्या सीआरसी चुका, कॅरियर किती वेळा गेला आणि पिंगचा फरक, हे सगळं लिहा. आलेल्या माणसाला तुमच्या मोडेमवर लूप टाकायला, म्हणजे पाठवलेलं तिथूनच परत फिरवायला, सांगा. लूप टाकल्यावर तुमच्या बाजूला चुका शून्य आणि लूप काढताच सुरू, तर बिघाड केबलमध्ये आहे हे त्याच्या देखतच ठरतं.

अशा एका दुपारी लाइनमनने डीपी उघडली, एक जोड सोलला आणि तारेवरची हिरवी पूड बोटावर घेऊन मला दाखवली. "साहेब, हा जोड पुन्हा बांधून दिला तर आठवडाभर चालेल. पेअर बदलून घ्या." त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. जोड पुन्हा बांधणं हा कोरड्या दिवसातला इलाज आहे. पावसात पेअरच, म्हणजे तारांची जोडीच, बदलून मागा, आणि तो माणूस जाण्याआधी मोजणीचे आकडे शून्य करून तासभर लाइन चालवून बघा. सीआरसी शून्य राहिल्या आणि पिंगचा फरक कागदावरच्या वेगाशी जुळला, तरच तक्रार बंद केल्याची सही करा.